खालून सहावी ओळ

पान एकशे बारा, खालून सहावी ओळ.
तिथं पुस्तक ठामपणे म्हणतं:
प्रतलावरचे दोन बंद संच एकमेकांना कुठंच शिवत नसतील
तर त्यांच्यातलं अंतर शून्याहून मोठं असतं.
आणि समासात शिसपेन्सिलीचं
बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर:
"खोटं. य = १/क्ष घे, आणि क्ष-अक्ष."

बस्स, एवढंच.

मी वक्र डोळ्यांपुढं आणला.
उतरत जातो अक्षाकडे, जवळ, आणखी जवळ,
टेकत मात्र कधीच नाही.
आणि अंतर? सांगाल त्या आकड्याहून लहान.
म्हणजे शून्य.
न शिवता शून्य.

पुस्तकाच्या खिशातल्या कार्डावर एकच नाव, सात वेळा:
लिगोरियु बार्रेत, गणित विभाग.
शेवटची तारीख फेब्रुवारी ब्याण्णव.
पणजीच्या त्या कॉलेजात मी नवीन,
वाचनालयाचा गुणाजी जुना.
"बार्रेत सर? ते गेले मगो, तूं शाळेंत आसतना.
पुस्तकाशी भांडायचे. चहा तसाच थंड."

मग मी त्यांच्या मागोमाग वाचत गेले.
पान अठ्ठावन्न: "क्रम उलटा. आधी डेल्टा, मग बिंदू."
पान दोनशे तीन, जिथं छापलंय 'हे उघडच आहे':
"नाही. मला तीन रात्री लागल्या."
पान दोनशे चाळीस:
"इथं मी चुकलो होतो. पुस्तक बरोबर."
खाली तारीख, सही.
इथं मी बराच वेळ थांबले.

माझा बाबा चोडणच्या खाजनाचा बांध राखायचा.
भरतीआधी कंदील घेऊन चालायचा
आणि चिखलात बोट घालून बघायचा:
खेकड्याचं बीळ. बोटभरच.
"पाणी दार वाजवून येत नाही," म्हणायचा,
आणि पेंढ्यासकट चिखलाचा गोळा आत दाबायचा.
कापणीला कुणी त्या गोळ्याचं नाव काढत नसे.

खालून सहाव्या ओळीवर पुढची तीन प्रमेयं उभी होती.
दोन तगली, योगायोगानं.
तिसरं मीठ शिरलेल्या शेतासारखं,
वरून अजून हिरवं.

प्रकाशकाला पत्र लिहिलं, सरांच्या नावानिशी.
चौदा महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं:
पुढील आवृत्तीत विचार केला जाईल.

आणि केला, खरंच.
काल नवी आवृत्ती हातात आली, आज ती घरी नेतेय.
पान एकशे चौदा. वाक्याला शेपूट जोडलंय:
'आणि त्यांपैकी एक संच सीमितही असेल तर'.
नाव कुणाचंच नाही. असू दे.
प्रतिउदाहरणही दिलंय, सरांचंच,
फक्त छपाईत मधली तिरकी रेघ गळाली:
य = १क्ष.

म्हणजे सरळ रेषा.
म्हणजे ती खाली येते आणि अक्षाला भेटते
शून्यावर, बिनदिक्कत,
जणू इतकी वर्षं ह्या दोघांना
कुणी फक्त वेळ सांगायची राहिली होती.

रायबंदरहून फेरी सुटली होती.
दोन स्कूटरींच्या मधे उभी राहून मी एकटीच हसले.
मासळीची टोपली घेतलेल्या बाईनं
माझ्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे.

पेन्सिल बाहेर काढली.
पत्र पुन्हा लिहावं लागेल; पुन्हा चौदा महिने.
ही प्रत तर आत्ताच दुरुस्त होईल.
माणूस पाहिला नाही मी कधी,
त्याचा आवाज जाड होता की किनरा तेही ठाऊक नाही.

चोडणचा धक्का लागेपर्यंत थांबले.
नदीभर त्यांना भेटू दिलं.

मग साखळी खडखडली, फळी खाली पडली,
आणि एक आणि क्ष यांच्यामध्ये
मी रेघ ओढली,
बारीक,
उजवीकडे कललेली.